नवरीला घेऊन पणजी: मुलींचा ग्रुप, मदत हवी आहे

मैत्रिणीचं लग्न मे महिन्यात. त्याआधी एप्रिलमध्ये आम्ही सात जणी तिला घेऊन तीन दिवस पणजीला निघतोय. किनारा नको, शहरच बघायचं, अशी नवरीबाईंची अट. (बागा-कळंगुटची गर्दी मलाही नकोच.)

ऊन चढायच्या आत फोंतेन्यास या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीतल्या गल्ल्या, एक दिवस जुनं गोवं आणि तिथून फेरीबोटीने दिवाडी बेट, एवढं ठरलंय. घोडं अडलंय ते जेवणावर आणि रात्रीवर. दोघी पक्क्या शाकाहारी, बाकीच्यांना हुमण (माशांची आमटी)-भात आणि तिसऱ्यांचं सुकं हवंच. खतखतं (मिश्र भाज्यांचं) आणि मासे एकाच टेबलावर मिळतील असं घरगुती चवीचं ठिकाण कोणतं? एप्रिल म्हणजे हुर्राकचा (काजूच्या बोंडांच्या दारूचा) हंगाम, तो चांगला कुठे मिळेल?

मांडवीवरचे कॅसिनो बाद, कारण तिथे 21 वर्षांखाली प्रवेश नाही आणि नवरीची धाकटी बहीण वीसची आहे. लाइव्ह म्युझिक असलेलं, फक्त मुलींनी निवांत बसावं असं काही सुचवा. आणि रात्री बारानंतर पणजीच्या मळा भागातल्या होमस्टेवर परतायला गोवा माइल्सची (ॲपवरची) गाडी मिळते, की टॅक्सी आधीच ठरवून ठेवावी?