जुना मिकुनी २८ कार्बोरेटर आणलाय, आतले जेट (पेट्रोल मोजून सोडणारे भोकाचे तुकडे) आरएक्सला चालतील का?

यवतेश्वरवाला (सातारा):
मिरजेत भंगारवाल्याकडून मिकुनी व्हीएम २८ (२८ मिमी तोंडाचा) उचलला. तो म्हणतो, 'रेसच्या गाडीचा आहे, थेट बसव.' मेन जेट २२०, पायलट (आयडलचा जेट) ३०. गाडी यामाहा आरएक्स १००, सिलिंडरचे पोर्ट कंपनीचे, सायलेन्सरही. बसवू का?

दोन_स्ट्रोक_भक्त:
२२० लय होतंय भावा. माझ्या केहिन कार्बोरेटरला १२० आहे, तोच टाक.

कुपवाडकर:
केहिनचा आकडा मिकुनीला लावू नका. मिकुनीच्या षटकोनी जेटवरचा आकडा म्हणजे मिनिटाला किती सीसी पेट्रोल जातं तो. केहिनचा साधारण भोकाच्या व्यासावर चालतो. आणि २२० खरा आहे का तेही बघा. भिंगाखाली भोकाच्या कडेला ओरखडे दिसले तर कुणीतरी ड्रिल घातलंय, छापील आकड्याला अर्थ उरला नाही.

मेन जेट राहू द्या, पाऊण थ्रॉटलच्या पुढेच त्याचं राज्य. कार्बोरेटर कुठल्या इंजिनातून आला ते नीडल जेट (ज्यात सुई वरखाली होते तो) सांगतो. मेन जेट काढून तो खालून वर ढकला, अंगावर पी-४, ओ-८ असं काहीतरी असेल. पी-० म्हणजे २.६५० मिमी, पुढच्या प्रत्येक आकड्याला ०.००५ वाढ. अंगाला बारीक भोकांची रांग असेल तर बहुधा फोर-स्ट्रोकचा. एकच भोक आणि वर अर्धी टोपी असेल तर टू-स्ट्रोकचा. सुई घासून हा जेट लांबट होतो. मग अर्ध्या थ्रॉटलला गाडी गुरगुरते आणि लोक उगाच मेन जेट बदलत बसतात.

यवतेश्वरवाला:
काका, काढला. पी-४, एकच भोक, वर टोपी आहे. मग बसवून कासला जाऊन प्लगच्या रंगावरून मिश्रण बघू?

कुपवाडकर:
कासला नको. पठार साधारण १,२०० मीटरवर, हवा विरळ, तिथं गाडी रिच (पेट्रोल जास्त) वाटणार. तुम्ही जेट बारीक कराल आणि खाली हायवेला लीन (पेट्रोल कमी) होऊन पिस्टन धरेल (जाम होईल). सेटिंग साताऱ्यातच करा.

पण खरं सांगू? जपानी यामाहा आरडी ३५० ला १७३ सीसीच्या एकेका सिलिंडरला २८ होता. तुमचं इंजिन ९८ सीसीचं, तेही कंपनीच्या पोर्टचं. एवढ्या मोठ्या तोंडात खालच्या आरपीएमला हवेचा वेगच पडतो, पेट्रोल नीट उचललं जात नाही. जेट कितीही बदला, सिग्नल सुटला की अडखळणारच. २४ शोधा. हा मात्र विकून टाकू नका, आधी आरडीवाल्यांना विचारा.

दोन_स्ट्रोक_भक्त:
मी घेतो. कितीला?