खालच्या डिव्हिजनची मजा
कोणीतरी म्हटलंय की आइस हॉकी वर्ल्ड चॅम्पियनशिपची डिव्हिजन १ए (टॉप डिव्हिजनच्या लगेच खालची पायरी) म्हणजे नुसता टाइमपास, अहो २०१८ची बुडापेस्टची शेवटची मॅच बघा एकदा! ब्रिटन हंगेरीविरुद्ध ०-२ मागे, टॉप डिव्हिजनला जायला फक्त एक पॉइंट हवा (साठ मिनिटांनंतर बरोबरी असली तरी पॉइंट मिळतोच), आणि शेवटची साधारण १५ सेकंद उरली असताना रॉबर्ट फार्मरनं २-२ केलं, घरच्या प्रेक्षकांसमोर हंगेरीचे चेहरेच उतरले. मग शूटआउटही ब्रिटननं मारलं. १९९४नंतर पहिल्यांदाच वर गेले हो! सहा टीम, दोन वर आणि शेवटची खाली, त्यामुळे टेन्शन इथेच जास्त असतं. पुढच्या वर्षी ब्रिटनवाले टॉप डिव्हिजनमध्ये फ्रान्सविरुद्ध ०-३ वरून ४-३ जिंकून टिकले पण.