हृदयाच्या ऑपरेशननंतर बाळाला हाय फ्लो कशासाठी? सीपॅपच हवं!

नाशिकची_मावशी:
भाचा ८ महिन्यांचा, वजन साडेपाच किलो. हृदयातलं छिद्र बुजवलं. दुसऱ्या दिवशी व्हेंटिलेटरची नळी काढून नाकाला हाय फ्लो (नाकातल्या बारीक नळ्यांतून वेगानं हवा आणि ऑक्सिजन) लावलं आणि १६ तासांनी पुन्हा नळी. सीपॅप (नाकावर घट्ट बसवून सतत दाबानं हवा देतात ते) का नाही लावलं, विचारलं तर उत्तर काय? "बाळ मास्क ओढतं, रडतं." बाळाच्या नावाखाली मोठ्यांनी आपली सोय बघायची, असं माझं स्पष्ट मत आहे.

रात्रपाळी:
ताई, एक रात्र आमच्या आयसीयूत काढा. सीपॅप नाकात घट्ट बसावं लागतं, दोन दिवसांत नाकाचा पडदा लाल होतो. बबल सीपॅपची नळी बाटलीतल्या पाण्यात ५ सेंमी बुडवलेली असते, त्या खोलीवरच दाब ठरतो. बाळानं रडायला तोंड उघडलं की दाब तिथूनच पसार. बुडबुडे थांबले की आम्ही खुर्चीतून उठलोच. हाय फ्लोची हवा गरम, दमट असते, बाळ आईच्या मांडीवर झोपतं. आणि हृदयाचं बाळ रडून रडून निळं पडणं परवडत नाही हो. सोय कुणाची म्हणायची ही?

कोरडे_आकडे:
झोपेचं ठीक, पण ब्रिटनमध्ये नळी काढलेल्या सुमारे ६०० मुलांवर चाचणी झाली, निष्कर्ष २०२२ मध्ये आले. श्वासाच्या सगळ्या आधारातून मोकळं व्हायला हाय फ्लोवाल्यांना मध्यांकी (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) ५०.५ तास लागले, सीपॅपवाल्यांना ४२.९. मावशींचा मुद्दा अगदीच हवेतला नाही.

रात्रपाळी:
त्यात सगळीच आयसीयूतली मुलं होती, नुसती हृदयाची नाहीत. आणि साडेसात तासांसाठी नाक सोलून घ्यायचं?

कोरडे_आकडे:
आयसीयूतले साडेसात तास तुम्हाला थोडे वाटतात? बाहेर बाकड्यावर बसून बघा.

भूलवाला:
वीस वर्षं अशा बाळांना भूल दिली, म्हणून मध्ये पडतो. यंत्रावरून भांडताय, पण नळी परत का घालावी लागली ते कुणीच विचारत नाही. हृदयाची डावी बाजू थकलेली असेल तर बाहेरून दिलेला दाब तिचा भार हलका करतो, तिथे मीही सीपॅपच मागेन. याउलट फॉन्टान (हृदयाचा एकच कप्पा नीट पंप करतो तेव्हाचं ऑपरेशन) झालेल्या मुलात रक्त हृदयाच्या पंपाशिवायच फुप्फुसांकडे जातं. छातीतला दाब वाढवला की तेच अडतं. डायफ्रॅमची, म्हणजे छाती-पोटामधल्या श्वासाच्या स्नायूची, नस दुखावली असेल तर एक बाजू हलतच नाही, सोनोग्राफीत ते दिसतं. आणि नळीमुळे घशाला सूज आली असेल तर कुठलाही मास्क लावा, आधी सुजेकडे बघावं लागतं. मावशी, मधल्या १६ तासांत त्याचं रडणं कसं होतं? श्वास आत घेताना घरघर?

नाशिकची_मावशी:
बसकं, कोंबडीच्या पिल्लासारखं. श्वास घेताना गळ्याशी खड्डा पडायचा. कौतुकानं व्हिडिओ काढून ताईला पाठवला होता मी! उद्या राउंडला डॉक्टरांना तोच दाखवते. हाय फ्लोबद्दल मात्र माझं मत आहे तिथंच आहे.