थिबा राजवाड्याची दालने सजवावीत की रिकामी ठेवावीत?

सागरतीर:
रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहायला येणारा माणूस एका राजाचे घर पाहण्याच्या ओढीने येतो. ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले, पुढच्या वर्षी कुटुंबासह रत्नागिरीत आणून ठेवले, आणि १९१० मध्ये हा वाडा पुरा झाल्यावर जेमतेम सहा वर्षे येथे राहून तो रत्नागिरीतच वारला. आज मात्र तेथे पुरातत्त्व विभागाचे प्रादेशिक संग्रहालय आहे आणि कोकणातल्या मूर्तींबरोबर राजाला जागा वाटून घ्यावी लागते. मूर्ती अन्यत्र हलवून दालने त्याच्या काळासारखी सजवावीत, असे माझे मत आहे.

गडवाट:
मूर्ती हलवण्याविषयी बोलता येईल, पण सजावटीला माझा ठाम विरोध आहे. नव्या घडणीचे पलंग आणि आरसे मांडले की थाट दिसेल, कैद दिसणार नाही. हा वाडा सरकारने आपल्या राजबंद्यासाठी बांधला होता, आणि त्या बंद्याला घरखर्चासाठी जवळचे दागिने विकावे लागत होते. जांभ्याच्या त्या भव्य वास्तूतले रिकामे दालनच ही विसंगती प्रामाणिकपणे दाखवते.

सागरतीर:
ज्याला इतिहास ठाऊक आहे, त्यालाच रिकामे दालन बोलते. शाळेच्या सहलीतल्या मुलाला तेथे काय कळणार? थोरल्या राजकन्येचा वाड्यावरच्या गोपाळ सावंत यांच्याशी जुळलेला संबंध, १९१९ मध्ये कुटुंब मायदेशी गेल्यावरही तिचे रत्नागिरीला परतणे आणि १९४७ मध्ये येथेच हलाखीत झालेला तिचा अंत, हे सांगायला घर घरासारखे दिसले पाहिजे.

कातळ:
ते सांगायला पलंग कशाला हवा? छायाचित्रे, सरकारी पत्रव्यवहाराच्या प्रती आणि नेटक्या मराठीतले फलक पुरेसे आहेत. राजाचा देह ब्रह्मदेशी नेऊ द्यावा ही राणी सुपयालतची मागणी सरकारने मानली नाही, आणि अखेर १९१९ मध्ये त्याचे दफन रत्नागिरीतच झाले. हा पत्रव्यवहार भिंतीवर लावला तर कोणतेही दालन रिकामे वाटणार नाही. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्या समाधीला वंदन करून गेले, तेव्हा फलक ब्रह्मी भाषेतही असावेत. निधी मर्यादित असेल, तर तो आधी छपरावर आणि सागवानी लाकूडकामावर खर्च व्हावा, कारण कोकणातला पाऊस आपली चर्चा संपण्याची वाट पाहणार नाही.