मदत हवी आहे: दिवाळीला गावच्या घरी लहान लेक आणि फटाक्यांना घाबरणारी कुत्री, दोघींना घेऊन कसं जायचं?

नमस्कार मंडळी. दिवाळीला अजून महिन्याहून जास्त अवकाश आहे, तरी आत्ताच विचारते आहे. यातल्या काही गोष्टींची तयारी आधीपासून करावी लागेल असं वाटतंय.

आम्ही पुण्यात राहतो. घरात मी, नवरा, वीस महिन्यांची लेक (इथे तिला चिऊ म्हणू) आणि भुरी. भुरी गावठी कुत्री आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पावसात भिजलेलं पिल्लू म्हणून घरी आली, आता पाच वर्षांची झाली. चिऊ तिच्या डोळ्यांसमोर वाढली आहे. चिऊ रडली की भुरी आधी तिच्याजवळ जाते, मग मला शोधायला येते.

सासर साताऱ्याजवळच्या गावात. दिवाळीला सगळे तिथे जमतात: सासूबाई, सासरे, थोरले दीर-जाऊबाई, त्यांची दोन मुलं आणि भाऊबीजेला नणंद, तिच्या घरच्यांसह. त्या घरातली दिवाळी मला मनापासून आवडते. वसुबारसेला शेजारच्या गोठ्यातल्या गाय-वासराची पूजा. पुतण्यांचा किल्ला आठवडाभर आधीच सुरू झालेला असतो, दगड-विटा रचून, वर पोतं आणि चिखल, उतारावर अळीव पेरलेला. नरक चतुर्दशीला पहाटे अंधारात चूल पेटते. माजघरात पाट मांडून आई एकेकाला तेल लावतात, उटणं लावतात, आंघोळ अर्ध्यावर आली की ओवाळतात, आणि तेव्हाच अंगणात कुणीतरी फुलबाजी पेटवायची, फटाका लावायचा, अशी त्या घरची रीत. मग पायाखाली कारीट फोडायचं, देवाला नमस्कार, आणि सगळ्यांनी एका पंगतीत बसून फराळ.

गेल्या वर्षी चिऊ अगदी लहान होती म्हणून आम्ही पुण्यातच थांबलो. यंदा जायचंच आहे. सासऱ्यांची तब्येत आता पहिल्यासारखी राहिलेली नाही. नातीच्या डोक्यावर पहिल्या आंघोळीचं तेल त्यांच्या हातून पडावं अशी आईंची फार इच्छा आहे. माझीही आहे.

प्रश्न भुरीचा आहे. लांबून लवंगी वाजली तरी ती वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसते. थरथरते, लाळ गळते, खाणं बंद, रात्री शू करायलाही खाली उतरत नाही. गावाकडे मोठं अंगण आहे, दिंडी दिवसभर उघडी, फराळाला येणाऱ्यांची ये-जा चालू. घाबरून ती बाहेर पळाली तर त्या गावात तिला एकही वाट ओळखीची नाही. याची मला सगळ्यात जास्त धास्ती आहे.

दुसरी काळजी चिऊची. भुरी कधी तिच्यावर गुरगुरलेली नाही. पण भेदरलेल्या कुत्रीच्या गळ्यात जाऊन कुणी पडलं तर ती काय करेल ते सांगता येत नाही, आणि चिऊला तर भुरी दिसली की मिठीच मारायची असते. तिसरी गोष्ट म्हणजे फराळ. ताटं जमिनीवर, मुलं हातात लाडू घेऊन घरभर फिरतात, आणि खाली सांडलेलं वेचणाऱ्या या दोघी.

आईंचं म्हणणं, भुरीला चार दिवस पुण्यात बोर्डिंगमध्ये ठेवा. त्यांना कुत्र्यांचं वावडं मुळीच नाही. दारातल्या कुत्र्यांना रोज भाकरी घालणारी बाई आहे ती. त्यांची काळजी नातीसाठी आहे आणि ती मला पटते. नवरा म्हणतो, आणखी एक वर्ष राहू दे, पुढच्या वर्षी जाऊ. मला या दोन्हींतलं एकही नको आहे. तेलाच्या पाटावर चिऊ बसलेली असावी आणि भुरीही त्याच घरात कुठेतरी निवांत असावी, इतकंच हवंय. ज्यांनी लहान मूल आणि कुत्रा घेऊन एकत्र कुटुंबात दिवाळी केली आहे त्यांनी प्रत्यक्षात काय केलंत ते कृपया सविस्तर लिहा.

— ओटाअंगण


शिवारवाट:
ताई, मी पशुवैद्य आहे. वेळेत विचारलंत हे चांगलं झालं, कारण भुरीच्या भीतीवर काम करायला काही आठवडे लागतात.

कुत्र्याला आपल्यापेक्षा कितीतरी वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात. माणसाची मर्यादा साधारण २०,००० हर्ट्झ, कुत्र्याची ४५,००० च्या आसपास. त्यात फटाका कधी वाजेल याचा त्याला अंदाज नसतो, म्हणून भीती जास्त. आजपासून फटाक्यांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग अगदी हळू लावा, इतकं हळू की भुरीने कान टवकारले तरी उठून जाऊ नये. त्याच वेळी तिचा आवडता खाऊ द्या. तो आवाज तिच्या अंगवळणी पडला की किंचित वाढवा. ती दबकली तर लगेच मागे या. घाई केलीत तर भीती आणखी पक्की होते.

पण तुम्ही लिहिलंय तेवढी तीव्र भीती असेल तर नुसत्या सरावावर भागणार नाही. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे या आठवड्यातच जा. गॅबापेंटिन, ट्रॅझोडोन अशी औषधं यासाठी वापरतात, मात्रा तेच ठरवतील. दिवाळीच्या आधी एका शांत दिवशी एकदा देऊन बघा, म्हणजे तिला ते कसं मानवतं ते घरीच कळेल. नुसतं गुंगीचं औषध मात्र मागू नका. एसप्रोमॅझिन एकटं दिलं तर कुत्रा हालचाल करत नाही, पण आतली भीती तशीच राहते. माणसांची कुठलीही गोळी घरच्या घरी देऊ नका.

ती जवळ आली तर जवळ घ्या. कुरवाळल्याने भीती वाढते हा समज चुकीचा आहे.

गावच्या घरातली सर्वांत आतली, रस्त्यापासून लांबची खोली तिची. खिडकीवर गोधडी, पंखा किंवा रेडिओ चालू, तिचं पुण्याचं न धुतलेलं अंथरूण, पाणी. शक्य असेल तर दिवाळीआधी एखाद्या शनिवार-रविवारी जाऊन तिथे राहून या, म्हणजे ती खोली तिच्या ओळखीची होईल. अंधार पडायच्या आत फिरवून, जेवू घालून आत. गळ्यात पट्टा, त्यावर तुमचा फोन नंबर, आणि बाहेर नेताना पट्ट्याबरोबर हार्नेसही. नुसत्या पट्ट्यातून घाबरलेला कुत्रा मान मागे ओढून सहज निसटतो.

फराळाचं: बेदाणे आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल याला कारणीभूत असावं असं आता मानलं जातं. कुणाला किती खाल्ल्यावर त्रास होईल याचा नेम नसतो, म्हणजे रव्याच्या लाडवातले दोन बेदाणेही नकोत. चॉकलेट, कांदा, लसूण नको. तुपा-तेलाचं भरपूर खाणं झालं तर स्वादुपिंडाला सूज येते, आणि दिवाळीनंतर दवाखान्यात असे कुत्रे दरवर्षी येतात.


तुळशीकट्टा:
बाळे, मी आजी आहे. तीन नातवंडं आणि एक म्हातारा कुत्रा असं आमचं घर. डॉक्टरांनी कुत्र्याचं सांगितलं, मी नातीचं सांगते.

पहाटेचा फटाका हाच तुझा खरा तिढा दिसतोय. संध्याकाळी भुरीला आधी आत नेता येईल, पहाटे चारला गावात कुठून काय वाजेल ते कुणाच्या हातात नसतं. पण तुमच्या अंगणातलं तर आहे ना. ओवाळताना फटाक्याच्या जागी मुलांनी घंटा नि थाळी वाजवावी. आमच्याकडे तसंच करतात आणि नातवंडांना त्याचीच जास्त हौस. हे सासूबाईंना तू सांगू नकोस, मुलाने आईला सांगावं. आणि "भुरीसाठी" म्हणण्याऐवजी "चिऊ दचकेल" म्हणावं. ते खरंही आहेच.

फुलबाजी लहान मुलांच्या हाती देतात ते मला मुळीच पटत नाही. तिची तार हजार अंशांच्या पुढे तापते. विझलेली तार अंगणात टाकतात आणि अनवाणी मूल त्यावर पाय देतं. पाण्याची बादली ठेवा, तार विझली की बादलीत. पोळलंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. हळद, टूथपेस्ट, तूप काही लावायचं नाही.

चिवड्यातले शेंगदाणे, डाळं, काजू हे पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे देऊ नयेत, श्वासनलिकेत अडकतात. तिला बेसनाचा लाडू चुरून दे, दडपे पोहे दे. आणि उटणं आधी तिच्या हाताला थोडं लावून एक दिवस बघ. वासाची उटणी लहान कातडीला झोंबतात.

भुरीला घेऊन जाच. खंडोबाजवळ कुत्रा असतो, दत्तापाशी चार कुत्री असतात. नेपाळात तर आपल्या नरक चतुर्दशीच्याच दिवशी कुत्र्यांना हार घालून, टिळा लावून गोडधोड देतात. सासूबाईंना हे सांग, त्यांना आवडेल.


रात्रपाळी:
एक गोष्ट वर कुणी लिहिली नाही. हल्ली पणत्यांऐवजी बॅटरीच्या पणत्या लावतात, "मुलांना सुरक्षित" म्हणून. त्यात नाण्याएवढ्या चपट्या बॅटऱ्या असतात आणि स्वस्तातल्या पणत्यांचं झाकण नखाने निघतं. मी लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे. ही बॅटरी गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतसुद्धा आतून गंभीर भाजतं. बाहेरून मूल ठीक दिसू शकतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवायची नाही, वाट बघायची नाही, थेट एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात जायचं. कुत्र्याने चावली तरी तितकीच घाई. स्क्रूने बंद होणाऱ्याच पणत्या घ्या किंवा त्या चिऊच्या हाताला न लागतील अशा उंचीवर ठेवा. ही जी कळकळ आहे ती पाहिलेल्या गोष्टींमुळे आहे.


मधलीसुट्टी:
थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. आमचा कुत्रा असाच घाबरट होता. आम्ही त्याला गावी न नेता माझ्या बहिणीला चार दिवस आमच्या फ्लॅटवर राहायला बोलावलं. अनोळखी बोर्डिंगमध्ये सगळे कुत्रे एकदम भुंकतात, ते मी सुचवणार नाही. पण स्वतःचं घर, ओळखीचं माणूस आणि तेच वॉशिंग मशीन हे त्याला नवीन गावापेक्षा सोपं गेलं. सगळ्यांनी एकत्र असावं ही इच्छा आपली असते. कुत्र्याला काय सोसेल हेही बघावं.

आणि नेलंत तर: भुरी आणि चिऊ एकाच खोलीत असतील तेव्हा हातात मोबाईल नसलेलं एक मोठं माणूस तिथे हवंच. जांभया, ओठ चाटणं, तोंड वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं ही अस्वस्थतेची खूण. गुरगुरली तर रागवू नका, चिऊला उचला. गुरगुरणं दाबून टाकलेलं कुत्रं पुढच्या वेळी इशारा न देता चावतं.


ओटाअंगण:
सगळ्यांचे मनापासून आभार. एकेक उत्तर नवऱ्याला वाचून दाखवलं.

मधलीसुट्टी, राग कसला. तुमचा मुद्दा रात्रभर डोक्यात होता. पुण्यात आमच्या सोसायटीत फटाके गावापेक्षा जास्त वाजतात. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री ८ ते १० ही वेळ घालून दिली, तरी आमच्या गल्लीत ती कुणी पाळताना दिसत नाही. म्हणून तिला इथे ठेवणं जास्त सोपं ठरेल असं मला वाटत नाही. तरीही नवरात्रात दोन दिवस गावी जाऊन येतो. भुरी तिथे जेवली, झोपली तर नेऊ. नाही रुळली तर माझा भाऊ आमच्याकडे राहायला तयार आहे, तसं त्याला विचारून ठेवलंय.

डॉक्टरांची वेळ घेतली. रेकॉर्डिंग कालपासून लावते आहे, इतक्या कमी आवाजात की मलाच नीट ऐकू येत नाही.

आजी, तुम्ही सांगितलंत तसं नवऱ्यानेच आईंना फोन केला. घंटेला त्या लगेच हो म्हणाल्या. देवघरातली मोठी घंटा चिऊच्या आजोबांच्या हाती द्यायची असं त्यांनीच सुचवलं. कुकर ठेवतात ती मागची खोली त्या भुरीसाठी रिकामी करणार आहेत. रव्याच्या लाडवात यंदा बेदाणे घालायचे नाहीत, बाकीच्यांसाठी हवे तर वेगळी वाटी. बॅटरीच्या पणत्या जाऊबाईंनी आधीच आणल्या होत्या, त्यांची झाकणं बघून सांगते म्हणाल्या.

एक राहिलं. दिंडी उघडी राहण्यावर अजून उपाय सापडलेला नाही. फराळाला येणाऱ्यांना "दार लावा" असं प्रत्येक वेळी सांगणं त्या घरात शोभणार नाही. आतल्या खोलीच्या दाराला बांबूचं किंवा जाळीचं अर्ध्या उंचीचं फाटक तात्पुरतं बसवता येतं का? भिंती जुन्या, मातीच्या आहेत, खिळा धरत नाहीत. कुणी जुन्या घरात असं काही केलं असेल तर कसं टेकवलं तेवढं लिहा. भुरी गुडघ्याच्या वरपर्यंत सहज उडी मारते.