गावातल्या लॉकडाऊनच्या आठवणी नोंदवायच्या आहेत, पद्धत काय ठेवावी?

वाळवा_वाचनालय:
नमस्कार मंडळी. वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाला लॉकडाऊनमधल्या रोजच्या जगण्याच्या आठवणी जमवायच्या आहेत. बागायतदार, डेअरीवाले, आशाताई, मुंबईहून आलेली मंडळी, सगळ्यांच्या. पण बोलायला बसलं की "फार वाईट दिवस होते" यावर गाडी थांबते, आणि 2020 कुठलं, 2021 कुठलं याची सरमिसळ होते. रेकॉर्डिंग मोबाईलवरच करणार. काय विचारावं, कागद कोणते मागावेत?

कृष्णाकाठ:
सरमिसळ होणारच, कारण पाडवा दोन्ही वर्षी बंदीला लागून आला. 2020 मध्ये पाडवा 25 मार्चला, देशभरच्या लॉकडाऊनचा तोच पहिला दिवस. 2021 मध्ये पाडवा 13 एप्रिलला, आणि 14 एप्रिलच्या रात्री आठपासून राज्यात 'ब्रेक द चेन'चे आणखी कडक निर्बंध. म्हणजे "पाडव्याला सगळं बंद होतं" यावरून वर्ष कळत नाही.

एकाच वर्षी घडलेल्या खुणा धरा. थाळ्या वाजल्या 22 मार्च 2020 ला, रविवारी संध्याकाळी पाचला. दिवे लागले 5 एप्रिलला रात्री नऊला. घरात दहावीचं पोर होतं का, हे तर विचाराच: भूगोलाचा पेपर राहिला ते 2020, परीक्षाच झाली नाही ते 2021. फडावर अडकलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या, हे 2020. आशाताई ऑक्सिमीटर घेऊन दारात आल्या ती 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम, 15 सप्टेंबर 2020 पासूनची. लसीची रांग 2021 ची. नदीकाठच्या माणसाला पूर विचारा. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 चे महापूर कुणी विसरत नाही, आणि लॉकडाऊनचे दोन्ही उन्हाळे त्यांच्या मधले.

द्राक्षवाल्याला तारीख विचारूच नका. "माल वेलीवर होता की उतरला होता? खरड छाटणीला माणसं कुठून आणली?" असं विचारा. माल उतरवायचा आणि मग एप्रिलमध्ये छाटणी, या क्रमावरून पंधरवडा तरी नक्की काढता येतो. ज्यांचा खायचा माल व्यापारी न फिरकल्यामुळे बेदाण्याला गेला, त्यांना शेडचं विचारा: रॅक कुणाचे, डिपिंग ऑइल (सुकवण्याआधी द्राक्षं ज्यात बुडवतात ते) कुठून मिळालं, दर काय लागला. तिथे माणूस मोकळा होतो.

"कसं वाटलं?" हा प्रश्न शेवटपर्यंत टाळा. दळण कुठे दळलं? रतीबाचं दूध कुणाच्या हातात देत, की उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या पातेल्यात वरूनच ओतत? पोरांच्या ऑनलाइन वर्गाला रेंज कुठल्या कोपऱ्यात यायची, आणि मोबाईल एकच असेल तर तो आधी कुणाला? उत्तर दोन शब्दांत आलं तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, जरा थांबा.

ध्वनिलेखन_सांगली:
फोन एअरप्लेन मोडवर टाका. कॉल आला की बऱ्याच फोनमध्ये रेकॉर्डिंग तुटतं. पंखा बंद. फोन घडी केलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर. नुसत्या टेबलावर ठेवला की कप ठेवल्याचाही दणका येतो. पत्र्याखाली आवाज घुमतो, गाद्या-गोधड्या असलेली खोली बरी. सुरुवातीला तारीख, गाव, नाव बोलून घ्या. मधे "हं, हं" नको, मान डोलवा. फाइलला त्याच दिवशी नाव द्या: वर्ष, महिना, दिवस, मग गाव आणि क्रमांक. व्हॉट्सअॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एक प्रत वाचनालयाच्या हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या इमारतीत. पूररेषेतल्या गावात हे फार महत्त्वाचं.

जुने_कागद:
आधी पावत्या गोळा करा. किराणा, मेडिकल, एटीएम यांच्या पावत्या थर्मल कागदावर असतात. उष्णतेने उमटलेली अक्षरं ऊन आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत उडून जातात. मिळाल्या त्याच दिवशी फोटो काढा. लॅमिनेशन मुळीच नको, त्या उष्णतेने पावती काळी पडते. स्टेपलची पिनही नको, ती गंजते.

ई-पास, पासबुकातल्या नोंदी, गावच्या ग्रुपचे मेसेज हेही मागा. व्हॉट्सअॅपच्या 'एक्सपोर्ट चॅट'मध्ये मीडिया घेतला तर शेवटचे 10,000 मेसेज येतात, मीडियाशिवाय 40,000. ग्रुप बोलका असेल तर 2020 पर्यंत पोचायला मीडिया सोडावाच लागेल.

पण आशाताईंच्या सर्वेक्षणाच्या वह्यांची प्रत घेऊ नका. त्यात घरटी आजारपण लिहिलेलं असतं. "गावात पहिला पेशंट कोण" हा प्रश्नही नको. त्या घराला त्या वेळी पुरेसं सोसावं लागलंय. लेखी संमती घ्या आणि तीन पर्याय ठेवा: खुलं, नाव झाकून, किंवा ठराविक वर्षं बंद. मत बदललं तर परत घेता येईल, हेही त्यातच लिहा.

वाळवा_वाचनालय:
मनापासून आभार. एका घरातल्यांना एकत्र बसवावं का?

कृष्णाकाठ:
आधी वेगवेगळं. एकत्र बसवलं की घरातलं वडीलधारं माणूस बोलतं, आणि दोन वेळचं रांधून, वर पोरांचा अभ्यास घेणारी सून "आई सांगतील" म्हणून गप्प राहते. तिला दुपारची भांडी आवरल्यावर, तिच्या सोयीने भेटा. शक्यतो वाचनालयातल्या एखाद्या ताईंनीच जावं.