परदेश प्रवास आणि कागदपत्रं: तुमचे अनुभव लिहा

परदेशी जायचं ठरलं की आधी तिकिटं, मग खरेदी, आणि पासपोर्ट कपाटातून निघतो तो शेवटच्या आठवड्यात. माझ्या बहिणीला चेक-इन काउंटरवरूनच परत फिरावं लागलं, म्हणून हा धागा काढतेय. तिचा पासपोर्ट मुदतीत होता, पण पोचायच्या दिवसापासून जेमतेम साडेपाच महिने उरले होते. पुष्कळ देशांना सहा लागतात. शेंगेन देशांचा (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) हिशोब वेगळा: तिथून निघाल्यावर पुढे तीन महिने मुदत हवी, आणि तिथे शिरताना पासपोर्ट काढून दहा वर्षं उलटलेली नकोत. ट्रॉलीला टेकून ती बाजूला उभी होती आणि धाकटा विचारत होता, "आपण आत कधी जायचं?" असं कुणाच्याच वाट्याला येऊ नये. तुमचं काय अडलं, कसं निस्तरलं, ते सविस्तर लिहा.

*

तिकीट काढताना पासपोर्ट समोर उघडा ठेवा. आईचं नाव मला काय पाठच, म्हणून मी न बघता टाइप केलं. पासपोर्टवर तिच्या नावात एकच 'ए' होता, तिकिटावर दोन पडले. निघायच्या आदल्या दिवशी लक्षात आलं आणि अर्धा दिवस फोनवर गेला. फोटोच्या पानाच्या तळाशी दोन ओळी असतात, प्रत्येकीत 44 अक्षरं आणि खुणा. स्कॅनर त्याच वाचतो. आता नाव भरून झालं की त्या ओळींवर बोट ठेवून एकेक अक्षर ताडून बघते.

*

मुलाला घेऊन मी एकटी निघाले होते, नवरा आधीच तिकडे पोचला होता. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यांनी मला काही न विचारता थेट मुलाला विचारलं, "बाबा कुठे आहेत?" तो बुजला, माझ्या मागे लपला. माझ्याकडे नवऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र, त्याच्या पासपोर्टची प्रत आणि मुलाचा जन्मदाखला होता, म्हणून पाच मिनिटांत सुटलो. सगळीकडे मागतातच असं नाही. पण मुलाचं आणि तुमचं आडनाव वेगळं असेल तर हे तीन कागद घेतल्याशिवाय निघूच नका.

*

यलो फीव्हरचं पिवळं कार्ड, म्हणजे त्या आजाराची लस घेतल्याचा दाखला, कुणी लिहिलं नाही अजून. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते ग्राह्य होतं, त्यामुळे आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही. माझ्या जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली होती, मी पुन्हा लस टोचून घ्यायला निघाले होते. डॉक्टरांनीच थांबवलं: 11 जुलै 2016 पासून हे कार्ड आजन्म चालतं, जुनी कार्डंसुद्धा. आणखी एक, ज्या देशात हा आजार आहे तिथल्या विमानतळावर बारा तासांहून जास्त थांबलात, तरी पुढचा देश कार्ड मागू शकतो.

*

व्हिसा जुन्या पासपोर्टमध्ये असेल तर दोन्ही पुस्तकं बरोबर घ्या. माझे काका जुनं घरीच ठेवून आले होते. मुलगा टॅक्सीने घेऊन आला, नशीब, वेळेत पोचला.

*

दोन वेगवेगळी तिकिटं काढली होती, मधल्या विमानतळावर बॅगा घेऊन पुन्हा चेक-इन करायचं होतं. बॅगांचा पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे! म्हणजे त्या देशाचा व्हिसा हवा. पहिल्याच काउंटरवर अडवलं. एकाच तिकिटावर असतो तर बॅगा परस्पर पुढे गेल्या असत्या.

*

वर ताईंनी कार्डाचं लिहिलंय, मी औषधांचं लिहितो. बाबांना इन्सुलिन लागतं. ते केबिन बॅगेतच ठेवतो, सामानाच्या डब्यात गोठायची भीती असते. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घेतो, कारण ब्रँडचं नाव परक्या देशात कळेलच असं नाही. गेल्या वेळी सुरक्षा तपासणीत बाईंनी इन्सुलिनचं पेन बाहेर काढून हातात धरलं, चिठ्ठी वाचली आणि बाबांना विचारलं, "आज घेतलंत का?" मग स्वतःच नीट परत पाउचमध्ये ठेवलं.